सिमरोलच्या बरडावर काय पेरावं? आधी जून-जुलैचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे, चोरलच्या उताराकडे वडिलोपार्जित २० एकर बरड आहे आणि त्याला लागून ८ एकर सोयाबीन-गव्हाची शेती. जनावरं म्हणजे १० गाई, ४ वासरं आणि २५ शेळ्या. तुम्ही स्वतः इंदूरला रामबागेत राहता, रानावर गडी असतो. पूर्वी दसऱ्याला कमरेइतकं गवत असायचं, आता टाकळा आणि कुसळी उरली आहे, उतार उघडा पडला आहे. दीड लाख रुपये घालायची तयारी आहे. त्यात जेसीबीने चर मारावेत का, कोणतं गवत पेरावं, नेपिअर-सुबाभूळ लावावं का, आणि पावसाळ्यानंतर राजस्थानचे मेंढपाळ येतात त्यांच्या मेंढ्या रानात बसवू द्याव्यात का?

चारही गोष्टींवर बोलतो. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न या चारांपेक्षा मोठा आहे: पहिला पाऊस पडल्यापासून जुलै संपेपर्यंत तुमची जनावरं कुठे असतात? तुम्ही लिहिलंय की उन्हाळाभर भूस पुरवून पुरवून घालता आणि "पाऊस पडला की सुटतो". म्हणजे १५-२० जूनला जरा हिरवं दिसलं की गाई बरडावर. माळवा-निमाडात मी जी चराऊ रानं पाहिली, त्यातली बहुतेक याच दिवसांत बिघडलेली आहेत. उन्हाळ्यात जनावरं वाळक्या गवतावर फिरतात, तेव्हा त्यांनी होणारं नुकसान त्या मानाने फार थोडं असतं.

कारण सांगतो. पवन्या, शेडा, मारवेल ही आपली बहुवर्षायू गवतं. त्यांचा ठोंब उन्हाळ्यात वाळलेला दिसतो, पण बुडख्यात आणि मुळांत मागच्या हंगामात साठवलेलं अन्न असतं. पहिल्या पावसावर जी पाती फुटतात ती या साठ्यावर फुटतात. दोन-तीन आठवड्यांनी पाती पुरेशी मोठी झाली की ती स्वतः अन्न तयार करू लागतात आणि साठा परत भरायला लागतो. नेमक्या या मधल्या काळात गाय दोन इंचाची पाती खाते. ठोंब पुन्हा फुटतो, पुन्हा खाल्ला जातो. असं तीन-चारदा झालं की साठा संपतो, मुळं आखडतात. निम्म्याहून जास्त पाला एका वेळी गेला की मुळांची वाढ थबकते, हे प्रयोगांतूनही दिसलेलं आहे. आखूड मुळांचा ठोंब ऑगस्टमधली दहा दिवसांची उघडीपसुद्धा सोसत नाही. तो मेला की तिथे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत टाकळा. टाकळ्याला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे तो दरवर्षी पसरतो.

आणि यात गाईचाही फायदा नसतो. कोवळ्या गवतात पाचात चार भाग पाणी असतं. उन्हाळ्याने खंगलेली गाय हिरव्याच्या मागे दिवसभर वणवण करते आणि संध्याकाळी पोट खपाटीला गेलेलं घेऊन येते.

आता हिशोब करू, कारण हिशोबाशिवाय चराईचा सल्ला देणं मला पटत नाही. तीनशे किलोच्या माळवी गाईला रोज सुमारे ७ किलो कोरडा चारा लागतो. वासराला तीनेक किलो, शेळीला किलोभर. शेळ्या निम्मं पोट झुडपांवर भरतात असं धरलं तरी तुमच्या दावणीला रोज ९५ किलोच्या आसपास गवत किंवा भूस हवं. वर्षाचे झाले ३५ टन. २० एकर म्हणजे ८ हेक्टर. तुम्ही वर्णन केलंय तसं उघडं पडलेलं बरड हेक्टरी टनभरसुद्धा कोरडं गवत देत नाही. त्यातलं निम्मंच जनावरांचं; निम्मं ठोंबांसाठी, जमीन झाकण्यासाठी आणि तुडवणीत जाणारं. म्हणजे हाती आले ४ टनांच्या आत, जेमतेम ४० दिवसांचा चारा. त्या ४० दिवसांच्या चाऱ्यावर तुम्ही जनावरं सात-आठ महिने फिरवता आहात.

हेच रान सुधारलं तर हेक्टरी ३ टनांपर्यंत येऊ शकतं. इंदूरचा पाऊस वर्षाला ९०० ते १,००० मिलिमीटर, तेवढ्यात ते बसतं. मग निम्म्याने १२ टन, म्हणजे चार महिने. उरलेलं शेतातून आणायचं: गव्हाचं भूस एकरी १५ क्विंटलच्या आसपास धरलं तर ८ एकरांचं १२ टन, सोयाबीनचं आणखी चारेक टन. तरीही वर्ष पुरं होत नाही. सुधारलेलं बरडसुद्धा आज आहेत तेवढी जनावरं एकटं पोसणार नाही, हे आत्ताच मान्य करून ठेवा. भाकड गाई किती, दुभत्या किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन भाकड असतील तर त्यांचा निर्णय बियाण्याच्या निर्णयाआधी घ्या.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या रानाचे तुम्हीच काढा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी सळईची चौकट घ्या. उतारावर, सपाटीवर, ओघळाकाठी, अशा दहा-पंधरा जागी डोळे मिटून टाकल्यासारखी टाका. आतलं खाण्याजोगं गवत कापा, सावलीत पूर्ण वाळवा, वजन करा. सरासरी १०० ग्रॅम आली तर हेक्टरी १ टन. सोबत रानातून सरळ रेषेत १०० पावलं चाला आणि दर पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते वहीत मांडा: बहुवर्षायू ठोंब, हंगामी गवत, टाकळा, दगड, की उघडी माती. दरवर्षी त्याच रेषेवर. रान सुधारतंय की नाही हे या दोन नोंदी सांगतात. नुसत्या हिरवेपणावर जाऊ नका, टाकळासुद्धा हिरवाच असतो.

तर दीड लाखातला पहिला खर्च माझ्या मते भुसावर. १५ जून ते ३१ जुलै जनावरं बांधून ठेवायची तर ४ टनांपेक्षा थोडं जास्त भूस हाताशी लागेल. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघाला की आजूबाजूची मंडळी नरवाई, म्हणजे शेतात उरलेले गव्हाचे खुंट, जाळतात. त्याआधी त्यांच्याकडे जा, रीपर (खुंट कापून भूस करणारं यंत्र) लावून भूस काढून घ्या, भाव पुष्कळ बरा पडतो. सोयाबीनचं भूस नुसतं घालू नका, शेंगांची टोकं तोंडाला टोचतात. गव्हाच्या भुसात मिसळा. दुभत्या गाईला सरकीची ढेप थोडी वाढवा. हे ४५ दिवस गड्याला कटकटीचे जाणार, कारण रोजचं शेण-पाणी गोठ्यात करावं लागेल. त्याला त्या दीड महिन्याचे वेगळे पैसे द्या आणि कारणही समजावून सांगा. तुम्ही रामबागेत असता. काठी त्याच्या हातात असते. त्याला पटलं नाही तर माझं हे सगळं लिहिणं वाया गेलं.

शेळ्यांचं थोडं वेगळं. त्या बोरी-बाभळींवर, बांधावरच्या झुडपांवर जगू शकतात, म्हणून पावसाच्या सुरुवातीला त्यांना बांधाकडे आणि नाल्याकडे वळवता येतं. शेळीला सरसकट दोष देणारे बरेच भेटतात. माझ्या पाहण्यात रान बिघडवलंय ते कोवळ्या गवतावर ठेवलेल्या कुठल्याही जनावराने.

ऑगस्टपासून पुढे रानाचे चार भाग करा, साधारण पाच-पाच एकरांचे. कुंपण लागत नाही. दगडाला चुना लावून खुणा केल्या तरी गडी सांभाळतो. चारांतला एक भाग त्या वर्षी चराईला पूर्ण बंद, बी पडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत. दरवर्षी बंद भाग बदलायचा. उरलेल्या तिन्हीत आळीपाळीने दहा-बारा दिवस. मूठ जमिनीवर उभी ठेवा; गवत तेवढं उरलं की दिवस भरले नसले तरी तिथून उठायचं. ओल असताना काळ्या मातीच्या भागात खूर रुततो तेव्हा जनावर आत जाऊच द्यायचं नाही. काळी माती ओली असताना तुडवली की तिची पोकळी दबते, वाळल्यावर दगड होते आणि पुढच्या सरीचं पाणी वरून निघून जातं. मुरमावर एवढी भीती नाही.

तुम्ही जे व्हिडिओ पाठवलेत, दाट कळप रोज नव्या पट्ट्यात हलवायचा, त्याबद्दल. कल्पना चुकीची नाही, पण तिचं सगळं बळ चरल्यानंतरच्या विश्रांतीत आहे. आपल्याकडे गवत वाढतं शंभर-सव्वाशे दिवस, जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर तुम्ही पट्टे कितीही बदला, चरलेलं गवत परत येत नाही. तेव्हा पट्टे म्हणजे फक्त चाऱ्याची वाटणी. आणि भर पावसात काळ्या मातीवर दाट कळप उभा केला तर वर लिहिलं तेच होणार.

आता जेसीबी. तुमच्या उतारावर ठोंब थोडे तरी शिल्लक असतील तर मोठे चर खणून ते उखडू नका. गवताचा ठोंब स्वतःच छोटा बांध असतो; पाणी अडवतो, माती धरतो. यंत्र वीस एकरांत फिरलं की चाकांखाली शेकडो ठोंब जातात आणि समपातळी चुकली तर चरच ओघळ बनतो. मी सांगेन ते असं: आधी ओघळी बघा. गुरांच्या जुन्या पायवाटांच्याच बहुधा ओघळी झालेल्या असतील. माथ्यापासून सुरुवात करून खाली येत जागोजागी सुट्या दगडांचे छोटे बांध घाला. दगड तुमच्याच रानात आहे, फक्त मजुरी. खालून सुरुवात केली तर वरचा लोंढा पहिल्याच मोठ्या पावसात सगळं घेऊन जातो. जिथे माती पूर्ण उघडी आहे, तेवढ्या तुकड्यांत मजुरांकडून फूट-दीड फूट खोलीचे, तुटक, एकाआड एक चर. समपातळी पाण्याच्या नळीने काढा, नजरेने नको. निघालेली माती खालच्या अंगाला टाका.

या उघड्या तुकड्यांवर मला सगळ्यात जास्त यश आलंय ते एका बिनपैशाच्या कामाने. उन्हाळ्यात बोरीच्या, बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून तिथे पसरा. पालापाचोळा, उडतं बी, शेणाचा चुरा त्यात अडकतो, पावसाचे थेंब थेट मातीवर आदळत नाहीत आणि गुरं आत शिरत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात काट्यांखालून ठोंब दिसायला लागतात. फरक मोजायचा असेल तर दोन्ही टोकं उघडी असलेला पत्र्याचा डबा थोडा जमिनीत ठोका, लिटरभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो बघा. एकदा ठोंबांत, एकदा उघड्यावर. गड्याच्या हातानेच करवून घ्या. माझ्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

पेरणी याच्यानंतर, आणि तीही सगळ्या रानात नाही. तुमच्या १०० पावलांत १५-२० तरी जिवंत ठोंब आले तर नुसत्या विश्रांतीनेच दोन-तीन पावसाळ्यांत रान भरू लागतं. बियाण्याचे पैसे वाचवा. पाच-सातच आले तर पेरावं लागेल. मग चरांच्या मातीवर आणि काट्यांखाली पेरा. मुरमावर पवन्या, थोडं अंजन गवत आणि स्टायलो. स्टायलो कडधान्याच्या कुळातलं, जमिनीला नत्र देतं आणि चाऱ्यातली प्रथिनं वाढवतं. त्याच्या बियाचं साल कडक असतं, म्हणून बी गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून मग वाळवून पेरतात. अंजनचं बी ताजं असेल तर नीट उगवत नाही, मागच्या वर्षीचं घ्या. कुठलंही गवताचं बी खोल गाडू नका. शेण-मातीच्या गोळ्या करून पहिल्या पावसाआधी टाका, माती अर्धा-एक सेंटिमीटरच वर यावी. खालच्या काळ्या भागात मारवेलचे मुळासकट ठोंब लावा, बियापेक्षा ते भरवशाचे. जाती हव्या असतील तर झाशीची भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच कामात आहे. मारवेलसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडेही चौकशी करा. पण जवळच्या एखाद्या राखलेल्या बीडमधलं, म्हणजे राखीव गवती रानातलं, कुंपणाआड वाचलेलं बी सप्टेंबरच्या शेवटी गोळा करता आलं तर ते सगळ्यात उत्तम. ते याच मातीला आणि याच पावसाला सरावलेलं असतं.

आपल्या मातीत काय उगवू शकतं यावर विश्वास बसत नसेल तर एकदा ऑगस्टच्या शेवटी रतलामजवळच्या सैलानाकडे किंवा धार जिल्ह्यातल्या सरदारपूरकडे जाऊन या. तणमोर पक्ष्यासाठी, म्हणजे इकडच्या खरमोरासाठी, १९८३ साली तिथे अभयारण्यं झाली. राखलेल्या बीडातलं गवत आणि कुंपणाबाहेरची चरनोई (गावाचं चराऊ रान), दोन्ही रस्त्यावरून शेजारी-शेजारी बघायला मिळतात. पाऊस तोच, माती तीच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे आधी बघायला लावतो.

टाकळा फुलायच्या आत, ऑगस्टमध्ये, उपटा किंवा कापा. सलग दोन-तीन वर्षं. घाणेरी असेल तर वरून तोडू नका, दुप्पट फुटते. कुदळीने जमिनीखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडून झुडूप उलटं ठेवा, आणि मोकळ्या जागेत लगेच गवत लावा. घाणेरीचा पाला गुरांच्या यकृताला घातक असतो, उन्हाळ्यात उपाशी जनावर तो खातं, तेव्हा गोठ्याजवळची आधी काढा. कुसळीबद्दल मात्र तुम्ही निराश होऊ नका. ती पवन्याच्या खालच्या पायरीवरची असली तरी बहुवर्षायू आहे, माती धरते. कुसळं टणक व्हायच्या आत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून, चार बोटं उंचीवर कापून वाळवा. तेव्हा पाऊस नडू शकतो, हे खरंच. पण महिनाभर थांबलात तर प्रथिनं निम्म्यावर येतात आणि कुसळं गाईच्या तोंडात, डोळ्यांत जातात. बंद ठेवलेल्या भागातलं कापताना मधे पट्टे सोडा, त्यांचं बी पडू द्या.

वणवा टाळा. शेजारची नरवाई एप्रिलमध्ये पेटते म्हणून मार्चअखेरीला रानाभोवती तीन-चार मीटरचा पट्टा साफ करून घ्या. ठोंब आगीतून वाचतात, पण वरचं आच्छादन जातं आणि पहिली वळवाची सर उघड्या मातीवर पडते.

नेपिअर बरडावर नको, त्याला पाणी आणि खत लागतं. पण विहिरीजवळ १० गुंठे जरूर लावा. नीट राखलं तर त्यातून वर्षाला १२-१५ टन हिरवा चारा मिळतो, आणि त्याचं खरं काम बरडाला विश्रांती मिळवून देणं हे आहे. सुबाभूळ बांधावर लावली तर शेंगा धरायच्या आत छाटा, नाहीतर ती सगळीकडे होईल. चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका, केस गळतात. बरडावर जे बोर, खैर, हिवर आपोआप फुटले आहेत त्यांनाच शेळ्यांपासून तीन वर्षं जपा. काटेरी तारेत पैसे घालू नका, वीस एकरांचं कुंपण तुमचे दीड लाख एकटं गिळेल. ज्या बाजूने शेजारची गुरं येतात तिथेच थोर आणि सीताफळ लावा; सीताफळाचा पाला शेळ्या खात नाहीत.

गड्याशी बोलण्यासाठी थोडक्यात क्रम: मार्चमध्ये भूस आणि आगीचा पट्टा, मे महिन्यात काटे आणि दगडी बांध, जून-जुलै जनावरं गोठ्यात, ऑगस्टपासून तीन भागांत चराई आणि चौथा बंद, सप्टेंबरअखेर कापणी, ऑक्टोबरमध्ये चौकट आणि १०० पावलं.

राहिला मेंढ्यांचा प्रश्न. शेतात जरूर बसवा. सोयाबीन निघाल्यावर गव्हाआधी जमीन रिकामी असेल तेवढ्या रात्री मेंढ्या बसल्या तर लेंड्या आणि मूत्र दोन्ही मिळतात, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं याच वाटेने येतात, त्यांच्याशी जुना व्यवहार टिकवलेला बरा. बरडावर मात्र बी पडून जाईपर्यंत नाही, आणि नंतरही बंद ठेवलेल्या भागात नाही. मेंढी गवत अगदी बुडख्यापाशी खाते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या गाईंनी चरून झालेल्या भागातून एकदा कळप पुढे काढायचा असेल तर हरकत नाही, मुक्काम तिथे नको. त्यांच्या मुखियाशी दिवाळीआधीच बोलून घ्या. कळप दारात उभा राहिल्यावर जागा ठरवायला गेलात तर दोघांचीही अडचण होते.